आकसणीची पट्टी

नखाएवढा तो चौकोनी तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरला की लाकडाचाच वाटायचा — कडा जळून तपकिरी झालेल्या, अंगावर बारीक रेषा, एकीवर एक नीट बसलेल्या... पण लाकूड नव्हतं ते. कागद होता. कागदावर कागद, त्यावर कागद, मध्ये गोंदाचा पापुद्रा. विठ्ठलने तो नाकाशी नेला. तीस वर्षं सागाच्या आणि शिवणीच्या भुशात काढलेल्या नाकाला हा वास फसवू शकत नव्हता. बोटं मात्र फसत होती, दर वेळी, आणि आपलीच बोटं फसतात याचा त्याला राग यायचा.

काचेआड यंत्र चालू होतं. काल दुपारी लावलेलं काम, अजून चाळीस-पन्नास थर बाकी. रोलर कागदावरून जायचा — सर्र... — मग बैठक केसभर खाली उतरायची — ठक् — आणि डोळ्यांना न दिसणारा किरण नव्या कागदावर जळकी रेघ ओढत निघायचा. कोणाचा हात नाही, कोणाची नजर नाही. सर्र, ठक्. सर्र, ठक्. हा ताल आपण कुठेतरी ऐकला आहे, रोज ऐकतो आहे, असं त्याला सहा महिने वाटत होतं आणि नेमका कुठे ते आठवत नव्हतं. आठवत नाही याचं खरं तर बरंच वाटत होतं. आज सकाळी गेटवर भिवाजीने त्याला अडवलं होतं. भिवाजी कळव्याचा कोळी, खाडीतलं जाळं सोडून वागळे इस्टेटमध्ये वॉचमन झालेला. खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, राती आत कोन तरी चालत व्हता. लंगरत." मशीन आहे ते, रात्रभर चालतं, असं विठ्ठलने हसून सांगितलं. मशीनचा आवाज आपल्याला कळतो, भिवाजी म्हणाला, आणि पावलाचाही कळतो. मग तो रजिस्टर उघडून बसला.

म्हाताऱ्यांना काय, काहीही ऐकू येतं. पण विठ्ठलही छप्पन्नचा होता आणि आज बावीस पोरांपुढे त्यालाच उभं राहायचं होतं. यंत्राचे साहेब, प्रभाकर, कावीळ होऊन घरी पडले होते, आणि डिप्लोमाच्या मुलांची भेट आधीच ठरलेली. तुम्हीच ओळख करून द्या, मिस्त्री, असा त्यांचा फोन आला. प्रशिक्षण केंद्रात सगळे त्याला सर म्हणायचे. प्रभाकर एकटे मिस्त्री म्हणायचे, आणि विठ्ठलला ते आवडायचं. मिस्त्री म्हणजे माप. पॅटर्न शॉपचा मिस्त्री — ज्याच्या लाकडी नमुन्यावरून साचा होतो आणि साच्यात पोलाद ओततात — त्याचं माप चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं. माझं चुकलं नाही कधी. हे तो फुशारकीने म्हणायचा नाही. ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणायचा.

मुलं आली, अकराला, दप्तरं आणि घामाचा वास घेऊन. त्याने आधी संगणकावरचं चित्र दाखवलं: पंपाच्या पाइपाचा कोपर, काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा, माउस हलवला की स्वतःभोवती फिरणारा. ही वस्तू अजून कुठेच नाही, तो म्हणाला, हिला वजन नाही, सावली नाही. संगणक हिचे आडवे काप करतो, पुठ्ठ्याएवढेसुद्धा जाड नाहीत, आणि यंत्र एकेक काप कागदातून कापून खालच्यावर चिकटवत जातं. पूर्वी असा नमुना करायला मला बारा दिवस लागायचे; आता एक दिवस. मागच्या बाकावर कोणीतरी "सरांचा जॉब गेला" म्हणालं आणि विठ्ठलच सगळ्यांत आधी हसला. ते दुःख त्याचं केव्हाच करून झालं होतं. वर्षभर त्याने प्रभाकरांकडून माउस धरायला शिकून घेतलं होतं, नव्या सुनेने चूल शिकावी तितक्या निमूटपणे, आणि त्याला ते जमलं होतं.

यंत्र थांबलं. शेवटचं ठक् झालं आणि खोली एकदम इतकी शांत झाली की दोन-तीन मुलांनी वळून दाराकडे पाहिलं — कोणीतरी बाहेर गेलं असावं तसं.

आतून निघाला तो कोपर नव्हताच. निघाला एक ठोकळा, विटेच्या दीडपट, चारी बाजूंनी सपाट, मुका. नेहमी असंच असतं. नको असलेला कागद यंत्र बारीक चौकोनांत चिरून तिथेच सोडतं. वस्तू त्याच्या आत पुरलेली असते आणि ती हाताने उकरून काढावी लागते. त्याने मुलांच्या हातात लाकडी चिमटे दिले. चौकोन निघू लागले, टपटप टेबलावर पडू लागले. आधी एक गोलाई दिसली, मग बाक... गुडघ्यासारखा बाक. दुमडलेला लहान मुलाचा गुडघा मातीतून वर यावा तसा तो वर आला आणि विठ्ठलने नजर काढून घेतली. का काढून घेतली, हे त्याला कळलं नाही.

मोजा, तो म्हणाला. पुढच्या बाकावरच्या जयाने — दोन वेण्या, चष्मा, सगळं लिहून घेणारी मुलगी — व्हर्नियर लावला आणि कपाळाला आठी घातली. सर, ड्रॉइंगवर दीडशे आहे, हे एकशे त्रेपन्न आलं. यंत्र चुकलं. पोरं हसली. विठ्ठलला हवा होता तो क्षण आला होता. वीस बॅचेसपुढे त्याने हीच गंमत केली होती, तेव्हा लाकडावर, आता कागदावर. त्याने पिशवीतून आपली जुनी पोलादी पट्टी काढली, जुन्या फाउंड्रीतल्या त्याच्या गुरूंनी, गुणाजी मिस्त्रींनी दिलेली, कोपरावर ठेवली आणि जयाला वाचायला सांगितलं. बरोबर दीडशे.

आता कोण खरं?

मग त्याने सांगितलं. पोलाद थंड होताना आकसतं, शंभराला दोन. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. मिस्त्री दर वेळी हिशेब करत बसत नाही, तो पट्टीच मोठी वापरतो. हिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा जरासा लांब आहे, दिसणार नाही इतका. ही आकसणीची पट्टी. संगणकात तेच काम एक आकडा टाकून होतं. अशा पट्टीच्या टोकाला लाल रंग लावलेला असतो, आणि शॉपचा नियम असतो की ही पट्टी दाराबाहेर न्यायची नाही, कोणाला उसनी द्यायची नाही. गुणाजी मिस्त्री तर संध्याकाळी सगळ्यांच्या पट्ट्या मोजून कपाटात ठेवायचे, देवघर आवरावं तसे.

"सर," जया म्हणाली, "आणि कोणी ही घरी नेऊन माप घेतलं तर?"

तर काय, पडदे आखूड होतील, असं तो म्हणणार होता. नेहमी तेच म्हणायचा. पोरं हसतात आणि तास संपतो. त्याचं तोंड उघडलंही... आणि त्याच्या कानात, बंद पडलेल्या यंत्रातून नव्हे, कुठून तरी आतून, तो ताल आला — सर्र, ठक्. सर्र, ठक् — आणि या वेळी त्याला तो ओळखू आला. शीला. त्याची लेक. शीला चालते. अधू डावा पाय, लोखंडी कॅलिपरच्या सळ्यांमध्ये जखडलेला, फरशीवर ओढला जातो, सर्र, आणि जाड तळाचा बूट टेकतो, ठक्.

"कमी भरतं," तो म्हणाला. "जे मोजाल ते कमी भरतं." जयाने ते लिहून घेतलं.

पोरं गेली. डबा तसाच राहिला. विठ्ठल पॅटर्न शॉपच्या मागच्या बाकावर बसला आणि पट्टीचं टोक उजेडात धरून पाहू लागला. लाल रंग कुठेच नव्हता. नख लावलं तर एका खाचेत किंचित गुलाबी... की गंज? कधी गेला हा रंग? त्र्याऐंशी साली फाउंड्रीला टाळं लागलं त्या दुपारी सगळ्यांनी आपापली हत्यारं पेटीत घालून घरी नेली होती. गुणाजी मिस्त्री नव्हते तेव्हा, वारले होते आदल्याच वर्षी. कपाट कोणी मोजलं नाही. पेटीत दोन पट्ट्या होत्या. दोन्ही दोन फुटी, दोन्ही हाताने गुळगुळीत झालेल्या. एक नंतर कधीतरी हरवली. मी म्हणत आलो की आकसणीचीच राहिली, बरं झालं, साधी कुठेही मिळते. म्हणजे त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात घरात दोन्ही होत्या. आणि मी एक उचलली.

शीला अकरा वर्षांची. कॉटवर भिंतीला टेकून उभी, उजवा पाय, चांगला पाय, सरळ ताठ, हसत होती गुदगुल्या होतात म्हणून. कल्याणचा नाथा, कॅलिपर आणि बूट करणारा, अधू पायाचं माप स्वतः घ्यायचा, टेपने, कातड्याला कुठे वळण द्यायचं ते बघत. चांगल्या पायाचा त्याला फक्त आकडा लागायचा. तेवढा आकडा तुम्हीच आणा मिस्त्री, म्हणाला होता, तुमचं माप म्हणजे माप. दोन आकड्यांत जो फरक तेवढा बुटाचा तळ जाड. विठ्ठलने आकडा आणला, पाचशे नव्वद, चिठ्ठीवर लिहून, खाली रेघ मारून. नाथाची टेप खरी. आपली पट्टी...

बारा. अकरा-बारा मिलिमीटर तळ कमी. त्याने बाकावर खडूने लिहिलं आणि तळहाताने पुसलं. पुढच्या वर्षी सव्वाबारा, मग तेरा. गेली दहा वर्षं, शीलाची वाढ थांबली तेव्हापासून, सातशे पस्तीस, दर बुटाच्या वेळी मी नव्याने मोजायचो आणि दर वेळी सातशे पस्तीस, एका मिलिमीटरचाही फरक नाही, आणि मला त्याचा केवढा अभिमान. पंधरा. माझी मुलगी पंधरा मिलिमीटर खड्ड्यात पाय टाकत चालते आहे.

झुकते म्हणून मी तिला किती बोललो. सरळ, शीला. सरळ चाल. नाथा म्हणाला होता की पोरं लबाड असतात, वजन टाकायला नको म्हणून झुकतात, तुम्ही टोकत राहा. मी टोकत राहिलो. जेवायला बसताना, पाहुण्यांसमोर, शाळेच्या फाटकाशी. एकदा बायकोने, रखमाने, चपात्या लाटता लाटता, वर न बघता विचारलं होतं, "बुटातच काही नसेल ना हो?" आणि मी — भांडं आपटलं मी. माझं माप चुकेल? असं ओरडलो की शेजारचा रेडिओ बंद झाला. रखमा त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. चार वर्षं झाली तिला जाऊन. आता बोलणारही नाही.

आणि हे सगळं आज कळलं? इथे त्याचं मन पाय रोवून उभं राहिलं, पुढे जाईना. वीस वेळा मी पोरांना ही गंमत सांगितली, वीस वेळा "पडदे आखूड होतील" म्हणालो, आणि वीस वेळांत एकदाही माझ्या डोक्यात घर आलं नाही? की आलं, आणि मी ते पडद्यामागे ढकललं? त्या पावसाळ्यात पट्टी उचलताना मला लाल दिसलं होतं का... कॉटची पिवळी चादर आठवते, शीलाच्या गुडघ्यावरचा डास चावलेला फोड आठवतो, पट्टीचं टोक आठवत नाही. तिथे माझाच अंगठा आहे. प्रत्येक वेळी, आठवून पाहिलं की, टोकावर अंगठा.

संध्याकाळी लवकर या, शीला सकाळी म्हणाली होती. माप घ्यायचंय. महिन्याभरापूर्वी पाठीच्या दुखण्याने ती रात्र-रात्र बसून काढू लागली तेव्हा डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मणक्याला बाक आलाय, म्हणाले, कॅलिपर आणि बूट नवा करून घ्या, माप नीट घ्या. शीलाने सांगितलं, हसून, माप माझे बाबा घेतात, पॅटर्नमेकर आहेत. नाथाला उद्या आकडा द्यायचा होता. सातशे पस्तीस सांगितलं तर बाक वाढत जाणार. सातशे पन्नास सांगितलं तर नाथा विचारेल, शीला विचारेल, सव्विसाव्या वर्षी माझा पाय वाढला का बाबा? काय सांगू? आणि सगळं सांगितलं तर तिने पंधरा वर्षं जो दोष आपल्या अंगाला लावून घेतला त्याचं ती काय करेल... आणि माझं. भीती वाटत होती त्याला, साधी. शीला तेवढी एकच उरली होती.

लोकल गाडीने गेलं असतं तर पाऊण तासात घरी पोचला असता. म्हणून तो एसटीने निघाला. कळव्याच्या पुलावर बस अडकली. खिडकीतून त्याला रस्त्यावरची माणसं दिसत होती आणि आज प्रत्येकाचे खांदे दिसत होते — टोपली घेतलेली बाई डावीकडे कललेली, पानवाला उजवीकडे, पुलाचा कठडाही. सरळ कोणीच नव्हतं. की मीच वाकडा बसलो आहे? त्याने पाठ टेकली. शेजारचा माणूस सरकून बसला. मुंब्रा गेलं, शीळचा फाटा गेला, आणि विठ्ठल मनातल्या मनात वाक्य तयार करत राहिला. शीला, एक गंमत झाली. नको. शीला, बस जरा. शीला, माझी पट्टी...

दुसऱ्या मजल्यावर, दाराला, कुलूप नव्हतं. ती आधीच आली होती. ती स्टेशनजवळच्या छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायची, संगणकावर. मार्गशीर्षात काम फार, उशीर व्हायचा, आज लवकर सुटली असावी. त्याने किल्ली खिशात टाकली आणि आतली पावलं ऐकली.

ठक्. ठक्. ठक्. ठक्.

सारखी. एक लांब, एक आखूड नाही, ओढत नाही, कोणीतरी कॉटकडून ओट्याकडे, ओट्याकडून खिडकीकडे सरळ चालत होतं. विठ्ठलचा हात दारावरच राहिला. पाहुणी आली असेल, तो स्वतःशी म्हणाला. दार ढकललं. खिडकीच्या उजेडात पाठमोरी एक बाई उभी होती, शीलापेक्षा उंच, दोन्ही खांदे एका रेषेत, शीलाचाच हिरवा पंजाबी ड्रेस घालून. त्याला वाटलं आपण हाक मारू नये. हाक मारली आणि ती वळली तर...

ती वळली. शीलाच होती. त्याला पाहून ती दचकली आणि पटकन कॉटवर बसली, डावा पाय आत घेत, चोरी सापडल्यासारखी.

"तुम्ही सातशिवाय येणार नाही वाटलं मला," ती म्हणाली. "काढायचं राहिलं."

  फरशीवर बसून त्याने तिच्या डाव्या बुटाचे बंद सोडले, लहानपणी सोडायचा तसे, आणि ती "मी काढते, बाबा" म्हणाली तरी थांबला नाही. बूट हातात आला. आत टाचेशी काहीतरी होतं. त्याने बोटं घालून ते ओढलं. पत्रिकांच्या जाड कागदाच्या चकत्या, टाचेच्या आकाराच्या, कात्रीने एकसारख्या कापलेल्या, एकीवर एक डिंकाने चिकटवलेल्या; घामाने आणि दाबाने इतक्या घट्ट झालेल्या की थर नुसते रेषा होऊन उरले होते. एका कडेला सोनेरी गणपतीची अर्धी सोंड दिसत होती. त्याने अंगठ्याने जाडी चाचपली. मोजायची गरज नव्हती.

किती वर्षं, एवढं त्याने विचारलं.  ती सांगू लागली, बुटाकडे बघत, उगाच मोठं काही नाही अशा स्वरात. सातवीत असताना आईने कॅलेंडरचा पुठ्ठा कापून दिला होता. शाळेत घालायचा आणि परत येताना जिन्यात काढायचा. मग सवयच झाली. छापखान्यात उभं राहायचं काम असतं, तिथे लागतंच. घरी नाही घालत. पण दिवसातले निम्मे तास घातलं आणि निम्मे नाही, म्हणून पाठ दुखते की काय असं हल्ली तिला वाटायला लागलं होतं.

"मला का नाही..."

"आई म्हणाली, बाबांच्या मापाला काही बोलायचं नाही." ती किंचित हसली. "आणि तुमचं माप चुकत नाही ना. मग म्हटलं, पायच असेल माझा तसा."

शेजारी कोणीतरी फोडणी घातली. विठ्ठलच्या हातात तो कागदाचा ठोकळा होता आणि बसमध्ये तयार केलेलं एकही वाक्य आता कुठे लागत नव्हतं. ती सगळी वाक्यं शीलाला काही माहीत नाही असं धरून केलेली होती. रखमाला माहीत होतं. या दोन खोल्यांत दोघींनी मिळून, माझ्या पाठीमागे, माझी चूक कापून, चिकटवून, बुटात घालून ठेवली होती, आणि मी घरात शिरलो की ती जिन्यात काढून ठेवली जायची, मला दिसू नये म्हणून, आणि मग ती झुकायची, आणि मग मी म्हणायचो, सरळ. त्याला रडू येत होतं आणि येत नव्हतं. लाज वाटत होती, खूप, पण लाजेच्याही खाली दुसरंच काही होतं, गार, ज्याला हात लावायची त्याची तयारी नव्हती.

"घ्या ना माप," शीला म्हणाली. "नाथाकाका उद्या वाट बघतील."

तिने चकत्या त्याच्या हातातून काढून घेतल्या, बुटात परत बसवल्या, बंद बांधले. कॉटचा कठडा धरून ती उठली, कठडा सोडला, आणि उजवा पाय मोजायला सोपा पडावा म्हणून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही टाचा, दोन्ही खांदे, डोकं, सगळं भिंतीला एकदम टेकलं. किती उंच होती ती. चेहराही वेगळ्या जागी होता. त्याला जिथे बघायची सवय होती तिथे तिची मान होती. शीला आहे ही, तो स्वतःला सांगत होता, शीलाच आहे, सरळ उभी आहे, तू पंधरा वर्षं जे मागत होतास ते... पण त्याचे डोळे तिच्या डाव्या खांद्यावर खिळले होते. आता उतरेल, आता किंचित खाली येईल, आणि मग ती आपली ओळखीची होईल, मग आपल्याला बोलता येईल. पट्टी हातात धरून, फरशीवर गुडघे टेकून, तो तिच्या झुकण्याची वाट बघत राहिला.